विकतची चाल नरकासुराच्या अंगाला का बसत नाही

गेल्या वर्षी चवथीच्या सुट्टीत भाचा घरी आला तो लॅपटॉप घेऊनच, आणि माटोळी बांधून व्हायच्या आधीच म्हणाला, मामा, आपण नरकासुराचा गेम करूया. आयडिया अशी की नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात फोंड्याकडच्या एका वाड्यावर नरकासुराचा पुतळा जिवंत होतो आणि पहाट व्हायच्या आत त्याला जाळायचा. मला आवडली. मॉडेल भाच्याने ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्वतः केलं, पोट सुटलेलं, जाड मिशा, मुकुट, हातात तलवार, अगदी आपल्याकडे करतात तसा. पण त्याला चालवणार कोण? ॲनिमेशन आम्हा दोघांनाही येत नाही. म्हणून एका ऑनलाइन स्टोअरवरून तलवारबाजीचा पॅक विकत घेतला, ४० क्लिप, चालणं, धावणं, वार करणं, मार खाणं, मरणं, सगळं. स्टोअरवरच्या व्हिडिओत एकदम झकास दिसत होतं.

लावलं तर काहीच हललं नाही. नरकासुर दोन्ही हात पसरून उभा, जसा होता तसा. मग भाच्याने कुठेतरी वाचलं की हाडांची नावं जुळत नाहीत, म्हणून रात्रभर बसून साठेक हाडांची नावं हाताने बदलली. सकाळी प्ले दाबलं आणि नरकासुर उताणा पडला, हात पोटात घुसले, मुंडकं पिळून पाठीकडे गेलं आणि त्याच अवस्थेत तो जमिनीवरून घसरत घसरत पुढे निघून गेला. भाचा हसून लोळला. मी नाही हसलो, पैसे माझे होते.

तेव्हापासून दोनेक महिने यातच गेले, आणि आता निदान एवढं कळलंय की त्या पॅकमध्ये चूक काही नव्हती, आपण नेमकं काय विकत घेतोय हेच आम्हाला माहीत नव्हतं. ज्यांना गेम करायचाय पण थ्रीडीचं शिक्षण नाही, अशांसाठी हे लिहितोय.

नरकासुर केलेल्या माणसाला हे समजायला सोपं आहे. आधी सांगाडा उभा करतो आपण, लोखंडी पाइप वेल्ड करून नाहीतर बांबू बांधून. मग गवत, गोणपाट, त्याच्यावर कागद, मग रंग, शेवटी बाजारातून आणलेला मुखवटा. काही वाड्यांवर मोटर लावून त्याचा हात वरखाली करतात, ती मोटर कागदाला हलवत नाही, आतल्या पाइपाला हलवते, कागद बिचारा पाइपाच्या मागून जातो. गेममधलं कॅरेक्टर डिट्टो असंच असतं. वरची कातडी म्हणजे मेश, आतला सांगाडा म्हणजे स्केलेटन किंवा रिग, आणि कातडीचा कुठला भाग कुठल्या हाडामागे किती ओढला जायचा याचा हिशोब म्हणजे वेट. हाड म्हणजे खरं हाड नाही, एक जागा, एक दिशा, एक नाव आणि वरचं हाड कोण एवढीच माहिती. बोट मनगटाला टांगलेलं, मनगट कोपराला, कोपर खांद्याला, असं करत करत सगळे शेवटी कमरेला टांगलेले.

आता ॲनिमेशनची फाइल उघडली तर आत काय असतं? चित्र नसतं, व्हिडिओ नसतो. नुसती यादी असते. अमुक नावाचं हाड, अमुक सेकंदाला, आपल्या वरच्या हाडाच्या हिशोबाने इतके अंश फिरव. पुढच्या क्षणी इतके. असं प्रत्येक हाडासाठी. म्हणजे मोटरवाल्याने कागदावर लिहून दिलेल्या सूचना, आणि त्याही कुठल्यातरी तिसऱ्याच वाड्यावरच्या नरकासुराचं माप घेऊन लिहिलेल्या. त्या आपल्या सांगाड्याला लावल्या की जे व्हायचं तेच होतं.

पहिली अडचण नावांची, आणि ती खरं तर सगळ्यात सोपी. प्रत्येकाने आपापल्या हाडांना आपापली नावं दिलेली असतात. मिक्सामो म्हणून एक साइट आहे, २००८ साली सुरू झालेली, २०१५ मध्ये ॲडोबीने घेतली, तिथे फुकटात भरपूर ॲनिमेशन मिळतात. त्यांचा डावा दंड म्हणजे मिक्सामोरिग:लेफ्टआर्म. अनरियल या गेम इंजिनच्या सांगाड्यात तोच दंड अप्परआर्म_एल. ब्लेंडरवाले आणखी तिसरं काहीतरी लिहितात, शेवटी टिंब देऊन एल. दंड एकच, नावं तीन. इंजिन, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, यादी वाचतं, त्या नावाचं हाड शोधतं, मिळालं नाही तर ते हाड सोडून देतं आणि पुढे जातं. सगळीच नावं चुकली तर कॅरेक्टर गप्प उभं. आमचं पहिल्यांदा झालं ते हेच.

भाच्याने नावं जुळवली तरी वाट का लागली? कारण नाव जुळलं म्हणून हाड जुळत नाही. गावात एकाच नावाची दोन माणसं असली म्हणून एकाचा सदरा दुसऱ्याला होतो का?

हात पोटात का घुसले ते बघा. प्रत्येक सांगाड्याची एक मूळ अवस्था असते, काही हालचाल सुरू व्हायच्या आधी तो ज्या पोझमध्ये उभा असतो ती. कोणाचा टी-पोझ, म्हणजे हात सरळ आडवे, इंग्रजी टी अक्षरासारखे. कोणाचा ए-पोझ, हात थोडे खाली तिरके. मिक्सामोचा सांगाडा टी-पोझमध्ये असतो, अनरियलचा मॅनिक्विन, म्हणजे त्यांचा नमुन्याचा पुतळा, ए-पोझमध्ये. फाइलमधल्या सूचना त्या मूळ अवस्थेच्या हिशोबाने वाचल्या जातात. समजा पॅकवाल्याचा सांगाडा टी-पोझमध्ये आहे आणि त्याला हात अंगालगत आणायचाय, तर तो म्हणणार ७० अंश खाली. आपला सांगाडा आधीच ४५ अंश खाली तिरका उभा आहे, त्यालाही ७० खाली सांगितलं तर झाले ११५. हात शरीर भेदून पलीकडे. त्यात आमच्या नरकासुराचं पोट एवढं मोठं की हात कोपरापर्यंत आतच गेला.

मुंडकं मागे का वळलं हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्रत्येक हाडाचे स्वतःचे तीन अक्ष असतात, एक्स, वाय आणि झेड. ब्लेंडरमध्ये हाडाची लांबी नेहमी वायच्या दिशेला असते. अनरियलच्या मॅनिक्विनमध्ये बहुतेक हाडांची लांबी एक्सच्या दिशेला. आता सूचना आहे की एक्सभोवती ३० अंश फिर. ज्या सांगाड्यात एक्स हाडाच्या लांबीतून जातो तिथे याचा अर्थ हाड पिळलं जाणार, स्क्रू फिरवतो तसं, आणि ज्याच्यात एक्स आडवा आहे तिथे अर्थ होतो वाकणं. तोच आकडा, तेच हाड, एकीकडे मान डोलते आणि दुसरीकडे मुरगळते. डोळ्यांनी बघून हे कळत नाही, कारण स्क्रीनवर दोन्ही सांगाडे सारखेच दिसतात. ब्लेंडरमध्ये हाडांचे अक्ष दाखवायचं एक बटण आहे ते चालू केलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोपर्यंत मी आपला पॅकवाल्याला शिव्या घालत होतो.

उताणा पडण्याचं कारण मात्र साधं. ब्लेंडर आणि अनरियलमध्ये वरची दिशा झेड, युनिटी आणि गोडो या दुसऱ्या इंजिनांमध्ये वरची दिशा वाय. एकाचं आभाळ ते दुसऱ्याची समोरची भिंत. फाइलमध्ये वर कुठे आहे हे लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा इंजिन आपलं आपण ९० अंश फिरवून घेतं, पण मध्ये दोनतीन सॉफ्टवेअरमधून फाइल फिरून आली की कधी कोणीच फिरवत नाही, कधी दोघं फिरवतात. आमच्या बाबतीत सांगाडा फिरला आणि ॲनिमेशन नाही फिरलं.

याचंच भावंड म्हणजे मापं. अनरियलमध्ये १ युनिट म्हणजे १ सेंटिमीटर, युनिटीत आणि गोडोत १ युनिट म्हणजे १ मीटर. म्हणून इकडचं तिकडे नेताना कॅरेक्टर कधी मुंगीएवढं होतं, कधी चंद्रनाथाच्या डोंगराएवढं. ते दिसलं की घाबरायचं नाही, शंभराने भागायचं किंवा गुणायचं राहिलंय एवढंच. पण इथे एक सापळा आहे आणि त्यात आम्ही पडलो. एफबीएक्स फाइल ब्लेंडरमध्ये आणली की सांगाड्याचं स्केल पुष्कळदा ०.०१ दिसतं, सेंटिमीटरचं मीटर करायला ब्लेंडरने केलेली ती सोय असते. भाच्याला ते ०.०१ बघवेना, त्याने कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय केलं, आता कसं १ दिसतंय बघ म्हणाला. सांगाडा बरोबर झाला, पण ॲनिमेशनमधले आकडे जुन्याच मापात राहिले. चालताना कंबर जी ४ सेंटिमीटर वरखाली व्हायची ती आता ४ मीटर व्हायला लागली. नरकासुर प्रत्येक पावलाला माडाच्या निम्म्या उंचीपर्यंत उडत होता. तेव्हा ॲनिमेशन लावलेल्या सांगाड्यावर स्केल अप्लाय करू नका, ते ०.०१ कितीही खुपलं तरी.

एफबीएक्सचं नाव आलंच आहे तर त्याबद्दल दोन शब्द, कारण विकत मिळणारे पॅक बहुतेक याच फाइलमध्ये येतात. मॉन्ट्रियलच्या केडारा नावाच्या कंपनीचं फिल्मबॉक्स म्हणून सॉफ्टवेअर होतं, एफबीएक्स हे त्याचंच नाव आखडून झालेलं. ती कंपनी एलियसने घेतली आणि एलियसला २००६ मध्ये ऑटोडेस्कने, तेव्हापासून हा फॉरमॅट ऑटोडेस्कच्या ताब्यात आहे आणि त्याचं आतलं गणित उघडं नाही. ब्लेंडरवाल्यांना लायसन्सच्या भानगडीमुळे ऑटोडेस्कची अधिकृत लायब्ररी वापरता येत नाही, त्यांनी फाइल उलगडून आपलं आपण वाचायला शिकलं. त्यामुळे एकच एफबीएक्स दोन ठिकाणी दोन तऱ्हेने उघडते यात नवल काही नाही. याला उघडा पर्याय म्हणजे जीएलटीएफ, क्रोनोस ग्रुपचा, २०१७ मध्ये त्याचं २.० आलं. त्यात माप मीटरच, वर म्हणजे वायच, असं सगळं ठरवून टाकलंय, वादच नाही. गोडोत आणायला मला तोच बरा वाटतो. गोडो ४.३ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, एफबीएक्स थेट वाचतं, त्याच्या आधी वेगळा कन्व्हर्टर लावायला लागायचा.

बरं, मग उपाय काय, तर रिटार्गेटिंग. शब्द मोठा आहे पण काम दुभाषाचं. पॅकवाल्याचा सांगाडा आणि आपला सांगाडा थेट एकमेकांशी बोलत नाहीत, मध्ये एक ठरावीक माणसाचा सांगाडा ठेवायचा. पॅकमधली प्रत्येक सूचना आधी त्या मधल्या सांगाड्याच्या भाषेत न्यायची आणि तिथून आपल्या सांगाड्याच्या. युनिटीत याला ह्यूमनॉइड म्हणतात, २०१२ च्या युनिटी ४ मध्ये मेकॅनिम नावाने ते आलं, आणि त्याला कमीतकमी १५ हाडं लागतात, त्याखाली गेलात तर माणूस म्हणून मान्य करत नाही. अनरियल ५ मध्ये आयके रिटार्गेटर आहे, तिथे हाडांच्या साखळ्या करायच्या, डावा हात एक साखळी, पाठीचा कणा एक साखळी, आणि साखळीला साखळी जोडायची. गोडोत ४.० पासून बोन मॅप आहे, इम्पोर्टच्या खिडकीत स्केलेटनवर क्लिक करून माणसाचं प्रोफाइल निवडायचं, मग एका माणसाचं चित्र येतं आणि ठिपक्या ठिपक्यावर आपलं हाड बसवायचं. हिरवा ठिपका म्हणजे बसलं, लाल म्हणजे काहीतरी चुकलंय.

यात नावं, अक्ष आणि मूळ पोझ असे तिन्ही घोळ एकदम निस्तरतात, पण एका अटीवर. आपलं कॅरेक्टर आणि पॅकचं कॅरेक्टर दोन्ही एकाच पोझमध्ये उभे आहेत याची खात्री आधी करून घ्यायची. युनिटीत एन्फोर्स टी-पोझ म्हणून बटण आहे, गोडोत फिक्स सिल्हुएट, अनरियलच्या रिटार्गेटरमध्ये पोझ हाताने फिरवून जुळवता येते. ही पायरी लोक सोडतात, आम्हीपण सोडलेली, आणि मग सगळं होऊन खांदे कायम उचललेले राहतात, जसं काय नरकासुराला थंडी वाजतेय. आणि हो, बोन मॅप दोन्हीकडे करायचा, मॉडेलच्या फाइललाही आणि ॲनिमेशनच्या फाइललाही. एकालाच केला तर दुभाषाला एकच भाषा येते, तो काय कामाचा.

आता घसरण्याची गोष्ट, कारण हे सगळं जुळल्यावरही आमचा नरकासुर चालत चालत पुढे जायचा आणि टक्कन मागे यायचा, परत पुढे, परत टक्कन मागे. याला म्हणतात रूट मोशन. दशावतारात बघा, राजा म्हणतो आम्ही आता वनात चाललो, आणि तिथल्या तिथे पावलं टाकत मंचावर दोन फेऱ्या मारतो. चाल दिसते, माणूस मंच सोडत नाही. शिगम्याच्या मिरवणुकीत रोमटामेळ असतो त्यात तसं नाही, ढोलाच्या तालावर नाचता नाचता अख्खा मेळ खरोखरच रस्त्याने पुढे सरकतो. विकतच्या ॲनिमेशनमध्ये हे दोन्ही प्रकार असतात. पहिल्याला इन-प्लेस म्हणतात, त्यात कॅरेक्टर एका जागी पाय हलवतं आणि त्याला पुढे ढकलायचं काम आपल्या कोडचं. दुसऱ्यात पुढे जाणं ॲनिमेशनमध्येच भरलेलं असतं.

आमच्याकडे आला रोमटामेळ आणि आम्ही कोड लिहिला दशावताराचा. ॲनिमेशन नरकासुराचं शरीर २ मीटर पुढे नेत होतं, पण गेमच्या हिशोबाने तो जागच्या जागीच होता, म्हणून क्लिप संपली की परत मूळ जागेवर. यावर दोन वाटा. इंजिनला सांगायचं की ॲनिमेशनमधलं पुढे जाणं काढून घे आणि त्याने खरं कॅरेक्टर हलव, युनिटीत त्याला अप्लाय रूट मोशन, अनरियलमध्ये क्लिपवर एनेबल रूट मोशन, गोडोत रूट मोशन ट्रॅक निवडायचा आणि मिळालेली हालचाल कोडमध्ये लावायची. नाहीतर ते पुढे जाणं सरळ पुसून टाकायचं आणि कोडने चालवायचं. आम्ही चालण्या-धावण्याला पुसलं आणि तलवारीच्या मोठ्या वाराला ठेवलं, कारण वार करताना तो एक लांब ढांग टाकतो आणि ती कोडने केली की नकली वाटते. दोन्ही एकत्र वापरता येतं, एकच काहीतरी निवडायला पाहिजे असं नाही.

इथेही एक पाचर आहे. रूट मोशनसाठी सांगाड्याच्या मुळाशी, पायाजवळ जमिनीवर, एक रूट नावाचं हाड असलं की काम सोपं. अनरियलला ते लागतंच. मिक्सामोच्या सांगाड्यात ते नसतं, तिथे सगळ्यात वरचं हाड म्हणजे कंबर. कंबर पुढे जाते, वरखाली होते, डुलते, हे सगळं एकाच हाडात कालवलेलं. त्यातून फक्त पुढे जाणं वेगळं काढून नव्या रूट हाडावर टाकायला लागतं, त्यासाठी ब्लेंडरचे ॲडऑन मिळतात. मिक्सामोवरून उतरवताना इन प्लेस वर टिक करायची सोय आहे चालण्यासारख्या क्लिपना, रूट मोशन नकोच असेल तर तिथेच टिक करा, पुढचा ताप वाचतो.

एवढं केल्यावर नरकासुर उभा राहिला, चालला, वार केला. भाच्याने वाड्यावरच्या पोरांना बोलावून दाखवलं. पोरं म्हणाली पाय घसरतायत. खरंच घसरत होते, शेवाळावरून चालल्यासारखे. रिटार्गेटिंग कोन नेतं, लांबी नेत नाही. पॅकमधला योद्धा लांब पायांचा, सडपातळ, आमचा नरकासुर आखूड पायांचा. तेवढेच अंश पाय फिरवला तरी आखूड पायाची ढांग लहान पडते, आणि पुढे सरकायचा वेग मात्र लांब पायवाल्याचाच. मग पाऊल जमिनीवर टेकलेलं असतानाच पुढे सरकतं. वेग कमी केला, पायाच्या लांबीच्या प्रमाणात, तर अर्धं अधिक दुरुस्त झालं. उरलेल्यासाठी आयके. साध्या पद्धतीत कंबरेकडून पायाकडे हिशोब जातो, आयके म्हणजे उलटा, पाऊल इथेच टेकलेलं राहिलं पाहिजे असं आधी ठरवायचं आणि गुडघा, मांडी किती वाकायची ते इंजिनने काढायचं. तलवारीलाही तेच. पॅकमधला माणूस दोन्ही हातांनी मूठ धरतो, आमच्या नरकासुराची छाती रुंद, त्यामुळे डावा हात मुठीपासून वीतभर लांब हवेत. डाव्या हाताला आयके लावून मुठीला चिकटवला तेव्हा कुठे तलवार धरल्यासारखी वाटली. आणि तलवार स्वतः ज्या हाडाला अडकवतो त्याच्या दिशेने फिरते, म्हणून सुरुवातीला ती उलटी, टोक बगलेत. ते हाताने फिरवून ठेवायचं एकदा, त्यात काही शास्त्र नाही.

पोट, मिशा आणि मुकुटावरच्या झिरमिळ्या यांना पॅकमध्ये काहीच नव्हतं, असणार कसं, योद्ध्याला पोटच नाही. त्यांना वेगळी हाडं देऊन स्प्रिंगसारखं हलवलं. पोट हललं की पोरं खूश होतात एवढं कळलं.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. आमचे ४० क्लिप एकाच लांबलचक फाइलमध्ये एकापुढे एक जोडलेले होते, सोबत एक पीडीएफ, कुठल्या फ्रेमपासून कुठल्या फ्रेमपर्यंत काय आहे याची. तसे तुकडे पाडायला लागले. तुकडे पाडताना फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, तो बघा, फाइल ३० फ्रेमची आणि ब्लेंडर आपला मुळात २४ वर सेट असतो, तर सगळे आकडे पुढेमागे होतात. चालण्यासारखी क्लिप लूप करायची आहे हे इंजिनला सांगावं लागतं, ते आपोआप होतंच असं नाही, आणि लूपमध्ये पहिली आणि शेवटची फ्रेम एकच असली तर दर फेरीला किंचित अडखळल्यासारखं वाटतं, शेवटची एक फ्रेम कापायची. ब्लेंडरमधून एफबीएक्स काढताना ॲड लीफ बोन्सची टिक काढा, नाहीतर प्रत्येक बोटाच्या टोकाला एकेक फुकटचं हाड चिकटून येतं. पावलांचे आवाज, वार लागण्याचा क्षण, असल्या खुणा एका इंजिनच्या फाइलमधून दुसऱ्यात जात नाहीत, त्या परत टाकायच्या.

खरेदीच्या आधी बघायचं ते हे, आणि मी बघितलं नव्हतं. पॅकसोबत एफबीएक्स मिळते की फक्त एका इंजिनची फाइल? अनरियलची युअ‍ॅसेट फाइल गोडोत उघडत नाही, आधी अनरियल बसवून त्यातून एक्सपोर्ट करायला लागतं, आणि नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली जुन्या आवृत्तीत उघडत नाही. युनिटीच्या ह्यूमनॉइड क्लिप नुसत्या डॉट अ‍ॅनिम म्हणून आल्या तर त्या आणखी बेकार, त्यात हाडांचे अंश नसून युनिटीच्या स्वतःच्या स्नायूंच्या हिशोबातले आकडे असतात, बाहेर त्यांचा उपयोग शून्य. सांगाडा कोणता, रूट हाड आहे का, इन-प्लेस की रूट मोशन की दोन्ही, बोटांची हालचाल आहे का, हे वर्णनात लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा, चांगले विक्रेते उत्तर देतात. एखादी फुकट नमुना क्लिप देत असतील तर ती आधी आपल्या कॅरेक्टरला लावून बघा. तसं नसेल तर मिक्सामोची एक फुकट चाल घेऊन आपला सांगाडा रिटार्गेटिंगला नीट बसतो का एवढं तरी तपासा, पैसे नंतर टाका.

लायसन्स वाचा हे सगळेच सांगतात आणि कोणीच वाचत नाही. पण काही पॅक एकाच इंजिनपुरते विकलेले असतात. अनरियलवाल्या एपिक कंपनीने २०१८ मध्ये पॅरागॉन गेमची कॅरेक्टर्स फुकट सोडली ती अनरियलमध्येच वापरायची या अटीवर, ती उचलून गोडोत लावलीत तर तांत्रिकदृष्ट्या चालतील, कायद्याने नाही. ऑक्टोबर २०२४ पासून एपिकचं जुनं मार्केटप्लेस जाऊन फॅब नावाचं नवं ऑनलाइन दुकान आलंय, तिथेही प्रत्येक वस्तूच्या पानावर लायसन्स वेगळं बघायला लागतं. आणि गेममध्ये वापरायची परवानगी म्हणजे मूळ फाइल वाटायची परवानगी नव्हे. भाच्याने अख्खा प्रोजेक्ट गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर पब्लिक टाकला होता, विकत घेतलेल्या ४० क्लिपसकट, मित्रांना दाखवायला म्हणून. मला कळलं तेव्हा अर्ध्या तासात काढायला लावला. नुसती फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधीच्या बदलांच्या नोंदीत, ती राहतेच, अख्खी रिपॉझिटरी उडवली.

४० पैकी ११ क्लिप शेवटी कामाला आल्या. मरण्याच्या सहा होत्या, पुढे पडून, मागे पडून, गुडघ्यावर येऊन, एकसे एक, आणि रिटार्गेट होऊन व्यवस्थित चालतही होत्या, पण एकही वापरली नाही. नरकासुर कुठे पडतो? तो उभ्या उभ्या जळतो. शेवटच्या सीनमध्ये सगळं ॲनिमेशन थांबवलं, आग लावली, मेश हळूहळू विरघळवली. आणि पहाटे रस्त्यावर जसा तो काळा पडलेला लोखंडी सांगाडा उरतो ना, पोरं कारीट फोडून फोव खायला घरी गेलेली असतात आणि हा मेला ट्रॅफिकला आडवा, तसा गेममध्येही उरला पाहिजे असं भाच्याचं म्हणणं. त्याने नवीन काहीच मॉडेल केलं नाही. आमचीच ती साठेक हाडं, ज्यांची नावं त्याने रात्रभर बसून बदलली होती, तीच पाइपासारखी काढून दाखवली.